रात्रीचा बँड, सकाळची शिफ्ट

जाझ वाजवून पोट भरायचं आणि संसारही सांभाळायचा, याबद्दल बोलताना आपण सगळं ओझं त्या वादकाच्या स्वभावावर टाकतो. तो घरी लक्ष देतो की नाही, पितो की नाही, एवढंच पाहतो. मुंबईतल्या गोवेकर वादकांचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. काम कोणत्या वेळी मिळतं, कुठे मिळतं आणि पुढच्या महिन्यात मिळेल का, यावरच त्यांची घरं उभी राहिली किंवा विस्कटली.

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांना ऐकून गोव्याची तरुण मुलं जाझकडे वळली. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमधून व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे समोर ठेवलेला कागद वाचून वाजवणं त्यांना अवघड नव्हतं. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, तर मुंबई, कलकत्ता, रंगून इथल्या हॉटेलांना वादक हवे होते. पण हे काम हंगामी होतं. उन्हाळ्यात मसुरी-सिमल्याकडची हॉटेलं, हिवाळ्यात कलकत्ता, मध्ये मुंबई. करार संपला की वाद्य पेटीत घालून पुढच्या गावी निघायचं. अशा फिरतीवर बायकामुलांना सोबत नेणं थोड्यांनाच परवडे.

मग राहायचं कुठे? धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने कुडी, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, चालत. गिरणगावातले चाकरमानी गावकीच्या खोलीत राहायचे, तशीच ही व्यवस्था. भिंतीकडेला ज्याची-त्याची ट्रंक, एका बाजूला अल्तार म्हणजे प्रार्थनेची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना. भाडं अगदी थोडं. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वेटर आणि वादक एकाच छपराखाली असत. बहुतेक कुडी फक्त पुरुषांसाठी होत्या, म्हणजे संसार तिथे थाटताच येत नसे. रोझरीच्या वेळेला बँडवाला सूट चढवून कामावर निघालेला असायचा. गावाकडे बायको घर, शेती, मुलं आणि सासूसासरे सांभाळायची. त्या काळच्या बँडचे फोटो आज कौतुकाने छापले जातात, त्यांखाली वादकांची नावं असतात. हे बँड ज्यांच्या भरवशावर चालले त्या बायकांची नावं कुठेही नसतात, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते.

त्यातच १९५५ मध्ये गोवा-मुक्तीच्या प्रश्नावरून भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली रेल्वे बंद पडली, येण्याजाण्यावर निर्बंध आले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत सुटीत घरी जाणंसुद्धा सोपं राहिलं नाही.

दरम्यान मुंबईत दोन गोष्टी घडल्या. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने रात्रीच्या नाचगाण्याच्या धंद्याला जबर फटका बसला. आणि हिंदी सिनेमाच्या संगीतात मोठे वाद्यवृंद आले. संगीतकारांना चाली सुचत, पण त्या चाळीस-पन्नास वादकांना वाटून देण्यासाठी कागदावर उतरवणारी माणसं लागत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी तिथे अपरिहार्य ठरली.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. रात्री हॉटेलात स्वतःचा बँड, दिवसा रेकॉर्डिंग. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांना जो स्विंग आला, त्यात चिकचा वाटा मोठा होता. १९५१ च्या ‘अलबेला’त तर तो बँडसकट पडद्यावर दिसतो. मात्र रात्री उशिरापर्यंत हॉटेल आणि सकाळी पुन्हा स्टुडिओ, हा दिनक्रम शरीर झिजवणारा होता. चिक १९६७ मध्ये गेला, तेव्हा तो जेमतेम पन्नाशीचा होता.

तरीही स्टुडिओने वादकांना असं काही दिलं जे हॉटेलने कधी दिलं नव्हतं, ते म्हणजे दिवसाची ठरलेली शिफ्ट, शिफ्टचे ठरलेले पैसे आणि एकाच शहरात वर्षभर काम. वादकांची संघटना उभी राहिली, दर ठरू लागले. मग कूड सोडून भाड्याची खोली घेता आली, बायकामुलं मुंबईत आली, मुलं इथल्या शाळांत गेली. ज्या संगीतासाठी वादक आला होता ते मात्र मागे पडलं. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेला कागद वाजवायचा, स्वतःच्या मनाचं जाझ मिळेल तेव्हा. यात तडजोड होती, पण तिला कलेशी केलेली गद्दारी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या शिफ्टच्या पैशांवर पुढची पिढी शिकली.

ती पिढी संगीतातही आली. चिकची मुलगी इव्होन गायिका झाली आणि तिचं लग्न सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याशी झालं. नवरा-बायको एकाच मंचावर असल्यामुळे रात्रीच्या कामाचा प्रश्न तिथे काहीसा सैल झाला. १९७८ मध्ये मुंबईत ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि या वादकांना मानाने ऐकणारा श्रोता मिळाला. पण एखाद्या महोत्सवावर कुणाचंही घर चालत नाही. दार्जिलिंगहून कलकत्तामार्गे मुंबईत आलेले पियानोवादक लुई बँक्स यांनी जाहिरातींच्या जिंगल्सचं ढीगभर काम केलं. त्यांचा मुलगा जिनो आज नावाजलेला ड्रमर आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगने मोठा वाद्यवृंद मोडीत काढला. चाळीस जणांचं काम दोघातिघांवर आलं. ज्यांनी शिफ्टच्या भरवशावर संसार मांडला होता, त्यांना पन्नाशीत पुन्हा लग्नाचे बँड, बोटीवरचे करार किंवा आखातातली हॉटेलं शोधावी लागली. म्हणजे परत तीच फिरती, परत घरापासून लांब. आजचा मुंबई-गोव्यातला जाझवादक दुपारी शिकवण्या घेतो, शनिवारी लग्नात किंवा कंपनीच्या पार्टीत वाजवतो, आणि बऱ्याच घरांत जोडीदाराच्या नोकरीवर महिन्याचा हिशेब बसतो. जाझच्या रात्री आठवड्याला एखाद-दुसरीच मिळते, आणि तिच्या बिदागीत घरभाडं निघत नाही.