टाळूतली शिवण

धुळ्या-जळगावकडे दातांना तार म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरांचं काम, नाहीतर मुलीचं लग्न ठरण्याआधी उरकायची गोष्ट. चाळिशीतला माणूस तार लावून आला की घरात ‘आते या वयमा?’ ऐकावंच लागतं. चेष्टा सोडली तर प्रश्न खोटा नाही.

जिभेचं टोक टाळूच्या मधोमध टेकवून मागे न्या. अनेकांना बारीक कंगोरा लागतो. वरच्या जबड्याची दोन हाडं तिथे शिवल्यासारखी जुळलेली असतात. हसताना ओठांच्या कोपऱ्यांत काळी पोकळी दिसते त्याचं एक कारण अरुंद जबडा, आणि तो रुंद करायचा तर ही शिवण उसवावी लागते. पोरवयात ती सैल असते, पुढे घट्ट होत जाते.

1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने नालाच्या आकाराच्या पट्टीला दात बांधून ते ओढण्याची रीत लिहून ठेवली. पण ते दात सरकवणं झालं. शिवणीला हात घातला 1860 साली, अमेरिकेत इमर्सन एंजेलने. चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर त्याने स्क्रू बसवला. किल्ली मुलगीच फिरवायची. दोन आठवड्यांत पुढच्या दोन दातांत फट पडली, म्हणजे हाडं सरकली होती. समव्यावसायिकांना ते पटलं नाही, आणि ही रीत अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षं मागे पडली. 1961 मध्ये अँड्र्यू हासने ती पुन्हा वर काढली.

मधल्या काळावर छाप होती अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगलची. दातांची कमान रुंद करा, हाड मागोमाग वाढेल, दात काढू नका, असं तो सांगे. त्याच्या तारा सोन्याच्या असत. जळगावच्या सराफाला आवडलं असतं! पण त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला दिसलं की रुंदावलेले दात परत जुन्या जागी येतात. मग त्याने बऱ्याच रुग्णांचे चार-चार दात काढून उपचार नव्याने केले.

मोठ्यांचे आजचे पर्यायही दोनच वाटांचे: दात सरकवा, नाहीतर शिवण उसवा. तार किंवा 1990च्या दशकाअखेरीस आलेले पारदर्शक अलायनर (दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे) मुख्यतः दात बाहेर कलवतात. हाडाच्या मर्यादेत थोडी रुंदी मिळते, हाव केली तर हिरडी उतरते. जबडाच रुंद हवा असेल तर शस्त्रक्रियेने हाड सैल करून स्क्रू फिरवतात. 2010च्या सुमारास कोरियातून आलेल्या पद्धतीत टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवतात. वय वाढेल तशी तिच्या यशाची खात्री कमी होते, म्हणून आधी स्कॅन काढून शिवण पाहिलेली बरी.

ट्वीडला दिसलेलं मात्र अजून सुटलेलं नाही, म्हणून शेवटी रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायची काढ-घालीची पट्टी. लग्नाच्या पंगतीत तो काढून पत्रावळीच्या कडेला ठेवायचा, आणि वरण-बट्टी संपली की पत्रावळीसकट उकिरड्यावर जायचा.