मल्टिग्रेन क्रॅकर की साधा खारा: जास्त ‘प्रोसेस्ड’ कोणता?

मल्टिग्रेन म्हणजे कमी प्रोसेस्ड आणि मैद्याचा खारा म्हणजे निव्वळ कारखानी माल, हे ऐकून कान किटले आता.

खारा क्रॅकर सगळ्यांच्या ओळखीचा. मैदा, तेल, मीठ, यीस्ट, सोडा. पीठ आंबवायचं, लाटायचं, वाफ निघायला भोकं पाडायची आणि भाजायचं. ‘बेक्ड, नॉट फ्राइड’ ही तर शुद्ध फुशारकी. क्रॅकर भाजतातच, आणि भट्टीतून निघाल्यावर त्यावर बऱ्याचदा तेल फवारतात.

खरी गल्लत होते पाकिटाच्या मागच्या बाजूला. लोक घटक मोजत बसतात. पाचाच्या आत असले तर चांगला, वर गेले की वाईट. पण मैद्यात जीवनसत्त्वं घातलेली असली की कंसात नायसिन, थायमिन, लोह, फॉलिक अ‍ॅसिड येतं आणि यादी हातभर होते. क्रॅकर मात्र साधाच राहतो. नुसत्या आकड्यांनाही बिचकू नका, ते पदार्थात घातलेल्या घटकांचे कोड असतात; ५०० म्हणजे खाण्याचा सोडा. आता मल्टिग्रेनचं पाकीट उलटा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून पहिलं नाव बघा: पुष्कळदा मैदाच. ओट, जवस शेपटाला. मध्ये माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर ४७१, चव वाढवायला ६२७ आणि ६३१, तपकिरी रंगाला १५०. यातलं स्वयंपाकघरात काय असतं? ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो यांची नोव्हा वर्गवारी प्रक्रियेनुसार पदार्थांचे चार गट पाडते, आणि तिच्यात नेमका हाच प्रश्न आहे. साधा खारा तिच्या तिसऱ्या गटात बसू शकतो. हा मल्टिग्रेन थेट चौथ्या, म्हणजे अल्ट्राप्रोसेस्ड गटात.

म्हणून खारा पौष्टिक ठरत नाही. त्यात मीठ भरपूर, तंतू नावाला, आणि नोव्हा मीठ-साखर मोजतच नाही. तो हिशेब वेगळा ठेवा. पण प्रक्रियेचा हिशेब फोल आहे असंही नाही. २०१९ साली अमेरिकेत २० जणांवर झालेल्या प्रयोगात अल्ट्राप्रोसेस्ड आणि प्रक्रिया न केलेला अशा दोन्ही आहारांत साखर, चरबी, मीठ, तंतू सारखे ठेवले होते. तरी अल्ट्राप्रोसेस्ड आहारावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

माझं मत विचाराल तर अख्खी राय (गव्हासारखं एक धान्य) आणि मीठ एवढ्यावरच भागवणारा कडक क्रिस्पब्रेड दोन्ही हिशेबांत पुढे. घशाला कोरडा पडतो, पडू दे. आणि ब्रँड बघून ठरवू नका: एकाच कंपनीचा साधा क्रॅकर तिसऱ्या गटात आणि शेजारचा चीज फ्लेवरवाला चौथ्यात असू शकतो.