कपडे वाळवण्याचे यंत्र (ड्रायर) : न तापण्याचा दोष व दुरुस्ती

धुऊन पिळलेल्या कपड्यांतील पाणी फिरत्या पिंपात गरम हवा खेळवून काढून टाकणारे यंत्र. पिंप फिरते, पंख्याचा आवाज येतो, पण वेळ संपल्यावर कपडे गार आणि दमटच निघतात, या दोषाला बोलीभाषेत ‘ड्रायर तापत नाही’ असे म्हणतात. या नोंदीत मुख्यतः विजेवर चालणाऱ्या घरगुती यंत्राचा विचार केला असून सातारा व सांगली जिल्ह्यांतील हवामान आणि वीजपुरवठा लक्षात घेतला आहे.

संज्ञा : मराठी घरांत ‘ड्रायर’ हा शब्द बहुधा अर्धस्वयंचलित वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या, लहान टबासाठी वापरतात. तो टब मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेऊन केंद्रोत्सारी बलाने पाणी झटकून टाकतो. त्यात हीटर नसतोच. काही टॉप-लोड यंत्रांवर ‘एअर ड्राय’ असे बटण असते, तेथेही फक्त बाहेरची हवा आत घेऊन टब फिरवला जातो. या दोन्ही यंत्रांतून कपडे गार निघणे हा दोष नव्हे. धुणे आणि वाळवणे एकाच पिंपात करणाऱ्या जोडयंत्रात (वॉशर-ड्रायर) मात्र हीटर असतो. अशा अनेक यंत्रांत कपड्यांतून निघालेली वाफ नळाच्या गार पाण्याने थंड करून उतरवली जाते. त्यामुळे धुणे आटोपल्यावर नळ बंद केला किंवा वरची टाकी रिकामी झाली, तर हीटर तापूनही कपडे वाळत नाहीत. दुरुस्तीला निघण्यापूर्वी यंत्र यांपैकी कोणते, हे विचारून घेतले की निम्म्या खेपा वाचतात.

इतिहास : यंत्राचा जनक कोण, याबद्दल एकवाक्यता नाही. पोशाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८०० च्या सुमारास छिद्रे पाडलेले धातूचे पिंप विस्तवावर हाताने फिरवले, असे जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. मात्र त्या उपकरणाला ‘व्हेंटिलेटर’ म्हणत, यापलीकडे त्याचे तपशील फार मिळत नाहीत. लोकप्रिय लेखनात हा मान बहुधा जॉर्ज टी. सॅम्पसन यांना दिला जातो. ओहायओ राज्यातील डेटन येथील या कृष्णवर्णीय संशोधकाला ७ जून १८९२ रोजी अमेरिकेचे ४,७६,४१६ क्रमांकाचे पेटंट मिळाले. ते पेटंट पाहता त्यांची योजना म्हणजे शेगडीच्या उष्णतेजवळ कपडे टांगण्याची चौकट होती. तीत फिरते पिंप नव्हते. आजच्या यंत्राचा वंश त्यामुळे सॅम्पसन यांच्यापेक्षा नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांच्या प्रयोगांशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. हिवाळ्यात गोठलेले कपडे आत आणण्याच्या त्रासातून त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिंपाचे यंत्र बनवले. विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने ते १९३८ च्या सुमारास ‘जून डे’ या नावाने बाजारात आणले. जून महिना म्हणजे कपडे वाळवायला उत्तम दिवस, हा त्या नावामागचा अर्थ महाबळेश्वरकरांना विनोदी वाटेल.

स्थानिक परिस्थिती : महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच दोन जिल्ह्यांच्या पूर्व पट्ट्यात, माण, आटपाडी, जत येथे, पाऊस ५०० मि.मी.च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. द्राक्षांचा बेदाणा तेथे शेडमध्ये नुसत्या वाऱ्यावर वाळतो. या फरकाचा दोषशोधनाशी थेट संबंध आहे. एप्रिलमध्ये जतला हीटर जळालेल्या यंत्रातूनही कपडे वाळून निघतात, कारण पंख्याने ओढलेली हवा मुळातच तापलेली व कोरडी असते. पावसाळ्यात पाचगणीला २०°से. तापमानाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आत जाते, तीच ६०°से.पर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे १२ टक्क्यांवर येते आणि ती पुन्हा पाणी शोषू लागते. हीटर बंद असेल तर मात्र तिच्यात थेंबभर पाणीही मावत नाही. म्हणून उन्हाळ्यात निर्माण झालेला दोष पुष्कळदा पहिल्या सरीनंतरच लक्षात येतो.

उष्णतेचा मार्ग : वीज प्लगमधून नियंत्रण-पाटीवरील (पीसीबी) रिलेकडे (विजेने चालणाऱ्या स्विचकडे), तेथून थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज यांतून हीटरला जाते. ही सर्व साखळी एकसरीत असते. एक कडी तुटली की उष्णता बंद, मोटार मात्र बहुधा चालू. नेहमीचा थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला हीटर बंद-चालू करतो. मर्यादा-थर्मोस्टॅट त्याहून वरच्या तापमानाला वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो किंवा बटण दाबून जोडावा लागतो. थर्मल फ्यूज एकदा उडाला की बदलण्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकी धर्तीच्या कित्येक यंत्रांत पंख्याच्या कवचावरील फ्यूज ९१°से. (१९६°फॅ.) चा असतो; इतर यंत्रांत तो वेगळा असू शकतो, म्हणून सुट्या भागावर छापलेला आकडाच प्रमाण मानावा. नव्या यंत्रांत तापमान मोजायला थर्मिस्टर असतो. तो अनेकदा २५°से.ला १० किलोओहमचा असून तापल्यावर त्याचा रोध कमी होतो.

तपासणी : सोप्यापासून सुरुवात करावी. कार्यक्रम ‘कोल्ड’ किंवा ‘रिफ्रेश’वर नाही ना, हे आधी पाहावे. कपडे निथळत असतील तर यंत्राला दोष देऊ नये. १ किलो पाणी वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते. २,००० वॅटचा हीटर तासाला, गळती धरून, दोनेक किलो पाणी काढील; त्याहून अधिक अपेक्षा चुकीची.

नंतर विजेचा दाब (व्होल्टेज). हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर २,००० वॅटचा हीटर सुमारे १,२२५ वॅटच देतो. गावाच्या टोकाच्या तारेवर, कृषिपंप चालू असताना हे घडते. पंखा नेहमीसारखाच फिरत असल्याने दोष यंत्राचा वाटतो. प्लग १६ अँपिअरचाच हवा. २,००० वॅटला सुमारे ८.७ अँपिअर लागतात. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलेल्या यंत्राची पिन काळवंडलेली सापडते.

उघडण्याआधी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती जबडा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) एक निकाल लावता येतो. फेजची एकच तार मीटरच्या जबड्यात घ्यावी (दोन्ही घेतल्यास शून्य दिसते). ९–१० अँपिअर दिसले तर हीटर चालतो आहे आणि दोष हवेच्या वाटेत आहे. १–१.५ अँपिअरच दिसले तर फक्त मोटार चालते.

हवेची वाट : न तापण्याच्या तक्रारींमागे हीच बाब सर्वांत जास्त असते, असे दुरुस्ती करणारे मानतात आणि ते बरोबर दिसते. धूळ अडवणाऱ्या जाळीतून सुटलेली कापसासारखी तंतुधूळ हवा बाहेर नेणाऱ्या नळीत साचते. हवा अडली की हीटरभोवतीचे तापमान चढते, मर्यादा-थर्मोस्टॅट तोडतो, शेवटी फ्यूज उडतो. अशा यंत्रात कपडे आरंभी गरम व ओले, काचेवर दव, आणि मग गार असा क्रम दिसतो. फ्यूज वयाने कमजोर होऊन उडतो, असेही एक मत आहे. ते अशक्य नाही, पण नळी न साफ करता बदललेला फ्यूज थोड्याच दिवसांत पुन्हा उडाला, तर कारण सांगावे लागत नाही.

जाळी दर वेळी झाडावी. कपडे मऊ करणाऱ्या द्रावाचा थर तिच्यावर बसला असेल तर नळाखाली धरून पाहावी. पाणी वर साचले तर साबण लावून ब्रशने घासावी. बाहेर जाणारी नळी १०० मि.मी. व्यासाची, शक्यतो गुळगुळीत पत्र्याची असावी. चुणीदार प्लॅस्टिक नळी धूळ धरते व पेटते. अमेरिकी नियमसंहितेत सरळ नळीची मर्यादा ३५ फूट आहे आणि प्रत्येक काटकोनी बाकाला ५ फूट वजा धरतात. जोडांवर स्क्रू मारू नयेत, त्यांच्या टोकांना तंतू अडकतात. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी पुरते. भिंतीबाहेरचे झाकण आवर्जून पाहावे. कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले किंवा चिमणीने काड्या भरलेल्या असतात, आणि आतून कितीही तपासले तरी हे कळत नाही.

विद्युत भाग : प्लग काढून मगच पाठ उघडावी. तारांचे फोटो काढून ठेवावेत. मोजण्यापूर्वी त्या भागाचे निदान एक टोक (थिंबल) सोडवावे, नाहीतर शेजारच्या वाटेने मीटर खोटा आकडा दाखवतो. २,००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम, २,५०० वॅटचा २१ ओहम येतो. मीटरवर काहीच आले नाही तर हीटरची कॉईल तुटली. कॉईल आणि बाहेरील पत्रा यांत मात्र काहीही दिसता कामा नये. दिसले तर तो हीटर टाकून द्यावा. थर्मोस्टॅट व फ्यूज थंड असताना जवळजवळ शून्य ओहम दाखवतात. सिरीज बोर्डच्या (तपासायचा भाग दिव्याशी एकसरीत जोडणाऱ्या पाटीच्या) दिव्याने तुटलेली कॉईल ओळखता येते, अर्धवट शॉर्ट ओळखता येत नाही, कारण दिव्याच्या रोधापुढे २६ आणि १५ ओहममधला फरक नजरेला दिसत नाही.

सर्व भाग ठीक निघाले तर पाटीवरचा रिले उरतो. ‘टिक’ असा आवाज येतो पण हीटरच्या टोकांवर २३० व्होल्ट येत नाहीत, तेव्हा संपर्क जळालेले किंवा सोल्डर फुटलेले असते. ही मोजणी चालू यंत्रावर करावी लागते. सराव नसलेल्याने ती करू नये.

फ्यूज ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे दोन तारा पिळून जोडणे, ही सर्वांत धोकादायक दुरुस्ती. यंत्र लगेच तापते, म्हणून गिऱ्हाईक खूश होते, पण हवा अडल्यावर तोडणारे काही उरत नाही आणि तंतुधूळ पेट घेते. तुटलेल्या कॉईलची टोके ओढून पिळणेही असेच : लांबी घटल्याने वॅट वाढतात, जोड लाल होतो, काही दिवसांत तेथेच पुन्हा तुटते.

हीट पंपाची यंत्रे : यांत सहसा हीटर नसतो. शीतक दाबणारा कॉम्प्रेसर हवा सुमारे ५०°से.पर्यंतच तापवतो, म्हणून कपडे हाताला कोमट लागतात व वेळ जास्त जातो. यात बिघाड नाही. कपडे मुळीच वाळत नसतील तर संघनकाच्या (वाफेचे पाणी करणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्याच्या पंख्या धुळीने भरल्या आहेत का पाहावे. कॉम्प्रेसरचा कपॅसिटर किंवा शीतकाची गळती हे फ्रिज-एसी मेकॅनिकचे काम आहे. आर-२९० हा शीतक ज्वालाग्राही असल्याने ज्योत लावून जोड करण्यास विशेष जपावे.

पुरात बुडालेली यंत्रे : सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेचे पाणी घरांत शिरले. बुडालेले यंत्र ‘एकदा लावून बघू’ म्हणून चालू करू नये. गाळ धुऊन, आठवडाभर वाळवून, पाटी काढून ठेवून हीटर व मोटार ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन तपासणाऱ्या मीटरने) तपासावी. १ मेगओहमपेक्षा कमी आल्यास जोडू नये. नळीच्या प्रकारच्या हीटरमधील मॅग्नेशियम ऑक्साइड ओल धरते, तो कडक उन्हात किंवा मंद आचेच्या भट्टीत पुन्हा वाळवता येतो. उघडी निक्रोम कॉईल धुता येते, पण तिचे अभ्रकाचे आधार फुगलेले असतील तर पूर्ण हीटर बदलणे स्वस्त पडते.

मोठी यंत्रे : तीन-फेज यंत्रात एक फेज गेला तर न्यूट्रलसह स्टार जोडणीत उष्णता दोन तृतीयांश, डेल्टात निम्मी उरते. वाफेच्या यंत्रात, रुग्णालयांच्या धुलाईखान्यांत ती असतात, स्टीम ट्रॅप (थंड झालेल्या वाफेचे पाणी बाहेर सोडणारा भाग) अडकून कॉईलमध्ये पाणी साचते आणि वाफेचा नळ पूर्ण उघडूनही कॉईल कोमटच राहते. गॅसच्या यंत्रात ज्योत पेटत नसेल तर इग्नाइटर, ज्योत-संवेदक व व्हॉल्व्हच्या कॉईल याच क्रमाने पाहतात. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने १५ टक्क्यांनी कमी असतो. खालच्या गावासाठी बसवलेल्या जेटची (गॅस सोडणाऱ्या छिद्राची) ज्योत तेथे पिवळी पडते व काजळी धरते, त्यामुळे जेट लहान घ्यावा लागतो.