शूर्पणखेचं नाक, मल्खाचा कान

पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभं राहिलं की मागचं-पुढचं कुणीतरी आपल्या पोराला सांगतंच: लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, म्हणून नाशिक. गोदावरी ओलांडून पलीकडे गेलं की शरणपूर रोड लागतो. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचं नाव त्या रस्त्यावर टिकून आहे. ख्रिस्ती घरातलं पोर दुसरी गोष्ट ऐकतं: येशूला धरायला माणसं आली, त्याचा शिष्य पेत्र यानं तलवार उपसून मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान छाटला, येशूनं पेत्राला आवरलं आणि कानाला हात लावून तो बरा केला.

एकीकडे कापणं, दुसरीकडे बरं करणं. तात्पर्य काढायला दोन मिनिटं पुरतात. अशी तात्पर्यं काढायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण सुरुवात काही वादानं झालेली नाही.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची ओढ सुटली नव्हती. म्हणून त्यांना त्यांच्याच छंदात आदाम, मोशे, येशू सांगायचे. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ म्हणून मराठीचं कौतुक करणारा हाच ग्रंथ. आणि त्याच पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली गेली होती, हेही सोबत लक्षात ठेवावं लागतं.

वाद पेटला तो मुंबईत. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर समोरासमोर आले. पुराणांतल्या देवांचं वागणं देवाला शोभतं का, हा मिशनऱ्यांचा रोख. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनारी सभा घेऊन पाद्र्यांना उलट प्रश्न विचारले. खरं सांगायचं तर यातलं पुष्कळसं आज वाचवत नाही. आपल्या घरातली नथ दाखवायची आणि शेजाऱ्याची केरसुणी.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) डावच बदलला. वामनाची कथा तीच, पण नायक बळी. आणि येशू हाही बळीच. कथा कोणाच्या बाजूनं सांगितली यावर बोध ठरतो, हे त्या एका उलथापालथीत जेवढं कळतं तेवढं शंभर वादसभांत कळलं नसतं.

नाकाकडे परत येऊ. रामायण ते नाक कापून मोकळं होत नाही. त्यातून खर-दूषण येतात, मग रावण, मग सीताहरण. पंचवटीतल्या त्या एका घावाची वसुली लंकेपर्यंत चालते. हाच राम रावण पडल्यावर विभीषणाला सांगतो, वैर मरणापर्यंतच, आता त्याचे संस्कार कर. उलट बायबलमध्येही अलीशा या संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणाऱ्या बेचाळीस पोरांना अस्वलं फाडतात. निवडून उचललं तर दोन्हीकडून हवं ते सिद्ध होतं.

नाशिकशी याचा सर्वांत जवळचा धागा रेव्हरंड टिळकांचा. नारायण वामन टिळक लहानपणी शिकायला नाशिकला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या, अतोनात सोवळं पाळणाऱ्या घरातल्या. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगत राहिले. येशूचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा नावही रामायणाच्या वळणाचं दिलं: ‘ख्रिस्तायन’. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेत कधीही न गेलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षं त्याच्यापासून वेगळ्या राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले, आणि शेवटचा अध्याय लिहून मुलगा देवदत्त यानं ते पुरं केलं.