गाळपेर आणि पाणपाखरांसाठीची पेर

हिवाळ्यात पैठणजवळ नाथसागराच्या काठी उभे राहिले की ओसरलेल्या पाण्यामागे हरभऱ्या-गव्हाचे हिरवे पट्टे दिसतात आणि पलीकडे बदकांचे थवे तरंगत असतात. त्यामुळे गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी, झाली की पाखरांच्या पोटाचीही सोय झाली, असे सहज म्हटले जाते. ही गल्लत आहे. अमेरिकेसारख्या देशांत रानबदकांसाठी मुद्दाम केली जाणारी पेरणीही गाळातच होते, पण तिचे पाण्याशी असलेले नाते गाळपेरीच्या नेमके उलट असते.

गाळपेरीत पाणी मागे सरते आणि बी त्याच्या मागोमाग जाते. मुरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक येते, दाणा घरी जातो आणि वावरात कोरडे काड उरते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके मुख्यतः उथळ पाण्यात चरतात, म्हणून त्या काडात त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पट्टकादंबाची, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या रानहंसाची, गोष्ट निराळी. तो गवत खुडणारा पक्षी असल्याने हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर थव्याने उतरतो आणि शेतकऱ्याच्या रात्री राखणीत जातात. त्या शेतकऱ्याचा त्रागा मला रास्तच वाटतो, कारण ते पीक पाखरांसाठी पेरलेलेच नसते.

पाखरांच्या पेरीत आधी बी पडते आणि पाणी मागून येते. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उतरवून उघड्या गाळात जपानी सावा पेरतात. तो सुमारे ६० दिवसांत पिकतो. त्याची कापणी न करता, पाखरे येण्याच्या सुमारास उभ्या कणसांवर १५ ते ४५ सेंटिमीटर पाणी चढवतात. याहून खोल पाण्यात, डोके खाली आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकाची चोच तळाशी पोहोचत नाही. पिकाची निवडही महत्त्वाची असते. आपल्याकडे मुबलक असलेले सोयाबीन इथे कुचकामी ठरते, कारण ते पाण्यात लवकर कुजते; भात आणि सावा मात्र बराच काळ टिकतात. शिवाय बुडालेल्या ताटांवर अळ्या-किडे वाढतात आणि बदकांना दाण्यात पुरेशी न मिळणारी प्रथिने त्यांतून मिळतात.

काठावर पोतेभर दाणे टाकणे ही तर तिसरीच गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. १९८६ पासून पक्षी अभयारण्य असलेल्या नाथसागरात कोणी आपल्या मनाने पेरणी करावी, असेही मी म्हणणार नाही.

मराठवाड्यातल्या पाझर तलावांच्या काठी पाखरांची ही पेर पाऊस स्वतःच करतो. मृगाच्या सरींवर लव्हाळा आणि रानटी सावा उगवतो, भाद्रपदापर्यंत त्याचे बी भरते, परतीच्या पावसाने चढलेले पाणी ते झाकते आणि कार्तिकात बदके येतात. अशा काठावरचा ओंजळभर चिखल पाण्यात धुऊन पाहावा; तळहातावर बारीक काळपट बी आणि वळवळणाऱ्या लालसर अळ्या उरतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काठाचा एवढा पट्टा नांगरला नाही आणि त्यावर गुरे घातली नाहीत, तर वेगळे बियाणे आणावे लागत नाही.