मोंगोचा डेट आणि ओडीबीसीचा डेट, नाव एकच पण माल वेगळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी मोंगोडीबी या डेटाबेसवर केलंय, अकाउंटवाले ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेस आणि एक्सेलसारखे प्रोग्रॅम जोडणारा दुवा) लावून तोच डेटा एक्सेलमध्ये ओढतात. मार्चएंडला रात्री दीड वाजता गाडी भरून निघाली, बिल 1 एप्रिलचं फाडलं, आणि एक्सेलमध्ये ते दिसलं 31 मार्चला, म्हणजे सरळ मागच्या आर्थिक वर्षात! डेटा बरोबरच होता, घोळ सगळा नावाचा, डेट नावाचा डेटा टाइप दोन्हीकडं आहे पण अर्थ वेगळा.

मोंगोतला डेट म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख नव्हेच. तो 64 बिटचा आकडा असतो, 1 जानेवारी 1970 पासून यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) किती मिलिसेकंद झाले एवढंच त्यात असतंय. ओडीबीसीतला डेट मात्र खरोखर कॅलेंडरचा, वर्ष महिना दिवस, वेळ नाहीच. त्यामुळं ड्रायव्हर मोंगोचा डेट सहसा ओडीबीसीच्या डेटला जोडत नाही, टाइमस्टॅम्पला, म्हणजे तारीख अधिक वेळ असलेल्या टाइपला जोडतो, आणि त्या टाइमस्टॅम्पमध्ये टाइमझोन लिहायला जागाच नाही. आपली रात्रीची दीड म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. वेळ यूटीसीतच आली तर आपल्याकडं बारा ते साडेपाचमध्ये फाडलेलं प्रत्येक बिल एक दिवस मागं जातं, आणि रात्रपाळीत गाड्या भरणाऱ्या कारखान्यात अशी बिलं कमी नसतात.

आता अजून एक, टाइमस्टॅम्प नावाचा टाइप मोंगोतपण आहे. एसक्यूएलवाल्या डेटाबेसमधून आलेली पोरं तोच बिलाच्या वेळेला लावतात, कृपा करून लावू नका. तो मोंगोच्या अंतर्गत कामासाठी आहे, अर्धे 32 बिट सेकंद आणि उरलेले 32 बिट त्याच सेकंदातला क्रमांक, रेप्लिकेशनच्या (डेटाच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याच्या) ऑपलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत लागतो तो.

काहीजण एक्सेलमध्ये साडेपाच तास मिळवतात. चालतं ते, पण एखादा ड्रायव्हर वेळ आधीच मशीनच्या टाइमझोनमध्ये बदलून देत असेल तर साडेपाच तास दोनदा मिळतात आणि संध्याकाळी साडेसहानंतरची बिलं पुढच्या दिवसात जातात. मला हा उपाय अजिबात पटत नाही.

मी काय केलं, बिल बनतानाच बिलाची तारीख वेगळ्या फील्डमध्ये साध्या स्ट्रिंगनं, म्हणजे मजकूर म्हणून ठेवली, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे सॉर्टिंगपण बरोबर होतं. मूळ वेळ डेटमध्येच राहू दिली. जुन्या बिलांसाठी मोंगोत व्ह्यू (साठवलेल्या क्वेरीनं तयार दिसणारा तक्ता) केला, त्यात तारखेचा मजकूर करणाऱ्या डेट टू स्ट्रिंगला टाइमझोन एशिया/कोलकाता दिला, आता ड्रायव्हरला ते नुसतं व्हारकॅर, म्हणजे साधा मजकूर दिसतं, बदलायला काही उरतच नाही.

तुमच्याकडं तपासायचं असेल तर रात्री एक-दोनच्या सुमाराचं एक बिल घ्या, कागद आणि एक्सेल शेजारी ठेवून तारीख बघा. दुपारच्या बिलावर बघू नका, तिथं दोन्हीकडं एकच तारीख दिसते.