आळशी डोळ्याचे व्यायाम आले कुठून?

मुलाचा एक डोळा कमी बघतो असं शाळेच्या तपासणीत कळलं की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. नाकासमोर पेन्सिल धरून ती जवळ-लांब करायला लाव. समईच्या ज्योतीकडे टक लावून बघू दे. सकाळचं कोवळं ऊन डोळ्यांवर घे. बुबुळं गोल गोल फिरव. कुणीतरी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगतं, आणि लगेच दुसरं कुणी म्हणतं, ‘अहो, चांगला डोळा झाकून तोही बिघडवाल.’ यातला प्रत्येक सल्ला कुठल्यातरी काळातून, कुठल्यातरी समजुतीतून आपल्यापर्यंत आला आहे. तो इतिहास कळला तर कशावर वेळ घालवायचा आणि कशावर नाही, हे आईबापांना ठरवता येतं. इथे वेळ वाया गेला तर तो मुलाच्या नजरेतून वजा होतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आधी नावाबद्दल. ‘आळशी डोळा’ हे नाव त्या डोळ्यावर अन्याय करणारं आहे. वैद्यकातला शब्द अँब्लिओपिया. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मंद नजर, त्यात आळसाचा उल्लेखही नाही. डोळा बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याच्याकडून येणारं चित्र मेंदू स्वीकारत नाही. कारणं मुख्यतः तीन. डोळा तिरळा असला तर दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत आणि मेंदू त्यातलं एक बाजूला सारतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला तर मेंदू स्पष्ट चित्राची निवड करतो. आणि जन्मतः मोतीबिंदू असला किंवा पापणी लोंबलेली असली तर चित्र आत पोचतच नाही. शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत ही अडचण सापडते. बाहेरून दिसतो तो फक्त तिरळेपणा, म्हणून हजारो वर्षं उपचार तिरळेपणाचेच झाले.

सातव्या शतकातला ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना तिरळ्या मुलांना भोकं पाडलेला मुखवटा घालायला सांगत असे. सरळ बघितलं तरच भोकातून दिसेल, म्हणजे डोळा आपोआप सरळ होईल, असा त्यामागचा विचार. 1583 मध्ये ड्रेस्डेनच्या गेऑर्ग बार्टिशने छापलेल्या ग्रंथातही असे मुखवटे आहेत. या दोघांच्या मधल्या काळात, नवव्या शतकात, बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा या विद्वानाने वेगळीच गोष्ट सांगितली: चांगला डोळा झाका, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागेल. आजची पट्टी हीच. ती का लागू पडते याचं उत्तर मिळायला मात्र आणखी अकराशे वर्षं जावी लागली.

1743 मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफों याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिरळेपणावर निबंध मांडला. दोन डोळ्यांची ताकद सारखी नसते, म्हणून दुबळा डोळा वळतो, असं त्याचं म्हणणं. आणि चांगला डोळा काही काळ झाकावा, हा त्याचा उपाय. कारण अर्धंच बरोबर होतं, उपाय पूर्ण बरोबर. मला हा निबंध महत्त्वाचा वाटतो, कारण डोळ्याच्या वळण्यामागे त्याच्या दिसण्यातली उणीव असू शकते, हे त्यात स्पष्टपणे आलं.

एकोणिसाव्या शतकाने ही दिशा काही काळ सोडली. 1839 मध्ये बर्लिनच्या डीफेनबाखने डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणा सरळ केला आणि युरोपभर शस्त्रक्रियांची लाट आली. डोळा सरळ दिसू लागला, नजर मात्र होती तिथेच राहिली. ही गफलत आजही होते. ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला, आता पट्टी कशाला, असं घरच्यांना वाटतं.

नंतर दोन गोष्टींनी फरक पडला. 1862 मध्ये हॉलंडच्या उत्रेख्त शहरात स्नेलेनने अक्षरांचा तक्ता केला, जो आजही डॉक्टरांच्या भिंतीवर असतो, आणि नजर मोजता येऊ लागली. त्याच गावच्या डोंडर्सने 1864 मध्ये दाखवलं की डोळे नाकाकडे वळण्यामागे अनेकदा प्लसचा नंबर असतो. जवळचं नीट दिसावं म्हणून मूल ताण देतं आणि त्या ताणात डोळे आत ओढले जातात. अशा मुलाला बरोबर नंबरचा चष्मा लावला की काहींचा तिरळेपणा चष्म्यातच नाहीसा होतो. साधी काच, पण आळशी डोळ्यावरच्या उपचाराची पहिली पायरी आजही हीच.

व्यायामांची कथा सुरू होते ती पॅरिसच्या एमिल जावालपासून. तो खाण अभियंता. वडील तिरळे, बहीण तिरळी. बहिणीच्या डोळ्यांसाठी तो नेत्रवैद्य झाला. इंग्लंडच्या व्हीटस्टनने 1838 मध्ये जगापुढे ठेवलेलं स्टिरिओस्कोप हे उपकरण त्याने हाताशी घेतलं. त्यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यांचं एक चित्र करतो. जावालने त्यासाठी सोपी ते अवघड अशी चित्रकार्डं केली आणि बहिणीकडून महिनोन् महिने सराव करून घेतला. डोळ्यांच्या व्यायामाची पद्धतशीर शाखा, ऑर्थोप्टिक्स, इथून निघाली. ज्याने दुसऱ्यांच्या नजरेसाठी एवढे कष्ट घेतले तो जावाल पुढे काचबिंदूने स्वतः पूर्ण आंधळा झाला, हे वाचताना दर वेळी चटका बसतो.

लंडनच्या क्लॉड वर्थने 1903 मध्ये तिरळेपणावरचं पुस्तक लिहिलं आणि दोन्ही डोळ्यांना एकत्र बघायला शिकवणारं अँब्लिओस्कोप नावाचं उपकरण चालवलं. पट्टी न सोसणाऱ्या मुलांच्या चांगल्या डोळ्यात तो अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालत असे. अ‍ॅट्रोपिन मिळतं बेलाडोनापासून, आणि ही वनस्पती आपल्या धोतऱ्याच्याच कुळातली. थेंबांनी चांगल्या डोळ्याला जवळचं अंधुक दिसतं, मग मूल दुसऱ्याने बघतं. पुढे 1920 च्या दशकाच्या शेवटी मेरी मॅडॉक्स यांनी लंडनमध्ये ऑर्थोप्टिक्सचा दवाखाना उभा केला आणि व्यायाम करवून घेणं हा स्वतंत्र पेशा झाला.

आता पेन्सिल. नाकाकडे पेन्सिल आणण्याचा व्यायाम याच परंपरेतला, पण तो आळशी डोळ्याचा नाहीच. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवायला ज्यांना जड जातं, वाचताना डोकं दुखतं, अक्षरं दोन दिसतात, त्यांच्यासाठी तो आहे. त्यांच्यासाठीसुद्धा दवाखान्यात देखरेखीखाली केलेले व्यायाम नुसत्या पेन्सिलपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असं अमेरिकेतल्या 2008 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. समईच्या ज्योतीचं त्राटक हठयोगातलं, षट्कर्मांपैकी एक. हठयोगप्रदीपिकेत त्याने नेत्ररोग जातात असं म्हटलं आहे, आणि मन एकाग्र करायला ते कुणी जरूर करावं. पण त्राटकात दोन्ही डोळे उघडे असतात आणि मेंदू एरवीसारखाच चांगल्या डोळ्याचं ऐकतो. ऊन घेणं आणि ‘चष्मा फेका’ हा आग्रह न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्सचा. 1920 मधल्या त्याच्या पुस्तकातून तो भारतातही पोचला. या सल्ल्याबद्दल मला सौम्य बोलता येत नाही. आळशी डोळ्याच्या मुलाचा चष्मा काढणं म्हणजे त्याचा मुख्य उपचार बंद करणं, आणि सूर्याकडे बघितल्याने दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, जळू शकतं.

पट्टी का चालते, याचं उत्तर मांजराच्या पिल्लांनी दिलं. हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1963 मध्ये पिल्लांची एक पापणी जन्मानंतरचे पहिले काही महिने शिवून ठेवल्यावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. पापणी उघडली तेव्हा तो डोळा शाबूत होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ कुठल्याच पेशी त्याला दाद देत नव्हत्या. तिथली जागा उघड्या डोळ्याने व्यापली होती. मोठ्या मांजराचा डोळा तसाच झाकला तर काही बिघडत नव्हतं. 1981 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांचं ऑपरेशन आता पहिल्या काही आठवड्यांत करतात, ते या कामामुळे.

याच कामाची दुसरी बाजू मात्र अनेक मुलांना महागात पडली. पिल्लांचा मेंदू असा बदलू शकण्याची ही नाजूक मुदत काही महिन्यांची होती. माणसात ती सात-आठ वर्षांवर संपते असं धरलं गेलं आणि ‘आता वय उलटलं’ हे वाक्य दवाखान्यांत रुळलं. कितीतरी दहा-बारा वर्षांच्या मुलांना नुसता चष्मा देऊन परत पाठवलं गेलं. 2005 मध्ये अमेरिकेत 7 ते 17 वर्षांच्या 507 मुलांवर झालेल्या चाचणीने हे वाक्य हलवलं. 7 ते 12 वयात चष्म्यासोबत पट्टी आणि थेंब दिलेल्यांपैकी 53 टक्के मुलं सुधारली, नुसत्या चष्म्यावर 25 टक्के. 13 ते 17 वयात एकूण फरक दिसला नाही, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते त्यांच्यात तो ठळक होता. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’ने दिल्लीत आणखी पुढचं दाखवलं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांची ऑपरेशनं आठव्या वर्षानंतर, काहींची तर विशीच्या आसपास झाली. त्यांची नजर पूर्ण आली नाही, पण माणसं आणि वस्तू ओळखण्याइतकं बघायला ती शिकली. लवकर उपचार केव्हाही उत्तम, पण उशीर झालेल्या मुलाला तपासल्याशिवाय नाही म्हणू नये, एवढं यातून ठरतं.

मधल्या काळात नवे व्यायाम येत-जात राहिले. स्वित्झर्लंडच्या बांगर्टरने प्रखर प्रकाशाने दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला जागं करायची पद्धत बसवली. ती फार वेळखाऊ ठरून मागे पडली, त्याच्या नावाची चष्म्यावर चिकटवायची धूसर फिल्म तेवढी टिकली. 1978 मध्ये केंब्रिजच्या कॅम्पबेल यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फिरती तबकडी आणली. चांगला डोळा झाकून मुलाने सात मिनिटं तिच्यावर ठेवलेल्या काचेवर चित्र काढायचं. निकाल इतके छान आले की यंत्रं देशोदेशी गेली. मग कुणीतरी पट्ट्यांऐवजी साधी करडी तबकडी लावून पाहिली, आणि मुलं तितकीच सुधारली. गुण आला होता तो झाकलेल्या डोळ्याचा आणि चित्र काढण्याचा. कुठल्याही नव्या व्यायामाची जाहिरात दिसली की मला ही करडी तबकडी आठवते.

मोबाइल-टॅबवरचे खेळ हा त्याच वाटेवरचा ताजा टप्पा. 2013 मध्ये मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मोठ्या माणसांना टेट्रिस खेळायला दिलं. काही ठोकळे एका डोळ्याला, बाकीचे दुसऱ्याला, म्हणजे दोघांनी मिळून खेळल्याशिवाय गत्यंतर नाही. जावालचीच कार्डं, नव्या रूपात. त्यात सुधारणा दिसली, पण 2016 मध्ये 5 ते 12 वर्षांच्या मुलांवर टॅबचा खेळ आणि दोन तासांची पट्टी यांची तुलना झाली तेव्हा खेळ पट्टीची बरोबरी करतो असं सिद्ध झालं नाही. फार थोडी मुलं ठरल्याइतका वेळ खेळली. 2021 मध्ये अमेरिकेत 4 ते 7 वयासाठी चष्म्यासारख्या पडद्यावर व्हिडिओ दाखवणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. ही वाट बंद झालेली नाही, पण पट्टीला अजून तिने हटवलेलं नाही.

आज उपचार सुरू होतो तो बरोबर नंबरच्या चष्म्याने. काही मुलं तेवढ्यानेच सुधारतात. राहिलेल्यांना पट्टी. मध्यम दोष असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुण देते, हे 2003 मध्ये कळलं, आणि दिवसभर डोळा बांधून शाळेत जाण्याची, वर्गातल्या चिडवण्याची शिक्षा पुष्कळ मुलांच्या डोक्यावरून उतरली. अ‍ॅट्रोपिनही तितकंच चालतं, हे 2002 मध्ये 419 मुलांवर पाहिलं गेलं. पुढे फक्त शनिवार-रविवारचे थेंबही पुरतात असं दिसलं. ‘चांगला डोळा बिघडेल’ या भीतीत तथ्याचा कण आहे, म्हणूनच पट्टी चालू असताना दोन्ही डोळे ठरल्या तारखांना तपासावे लागतात.

महाराष्ट्राचा यात एक धागा आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक येतं आणि डोळेही बघतं. तिरळा डोळा आईच्याच नजरेला पडतो. फक्त नंबरातल्या फरकाने मंदावलेला डोळा कुणालाच दिसत नाही. मूल एका डोळ्याने मजेत खेळत असतं. अक्षरं न येणाऱ्या लहानग्याचे डोळे एकेक करून तळहाताने झाकून पाहिले तर कमी बघणारा डोळा झाकताना ते शांत बसतं, आणि चांगला डोळा झाकला की डोकं वळवतं, कुरकुरतं, हात ढकलून देतं.